रक्षकाचा हिशेब कोणी घ्यावा?

दावीद राजा आणि संदेष्टा नाथान यांची कथा (२ शमुवेल ११ व १२) आपल्या मंडळ्यांतून बहुधा पश्चात्तापाच्या संदर्भात सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कथेला आणखी एक बाजू आहे व तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. राजाने एका स्त्रीला बोलावून आणविले. तिचा पती परत आल्यावर प्रकरण झाकता येईना, तेव्हा त्याला मृत्यूच्या तोंडी देण्यात आले. हे घडले कसे? राजवाड्यातून दूत गेले, सेनापती यवाबाने हुकूम पाळला, रणांगणावरील वृत्तांत रीतसर राजापुढे मांडला गेला. प्रत्येकाने आपापले काम चोख बजावले. उरीया हित्तीच्या वतीने प्रश्न विचारणारा मात्र त्या साऱ्या व्यवस्थेत एकही अधिकारी नव्हता. तो प्रश्न बाहेरून यावा लागला. नाथान दरबारात जात-येत असला तरी त्याची नेमणूक राजाने केलेली नव्हती आणि त्याची बढती यवाबाच्या हाती नव्हती. म्हणूनच तो बोलू शकला.

ज्यांच्या हाती दुर्बलांचे रक्षण सोपविले आहे त्यांच्याकडून हिशेब कोणी घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हैदराबाद शहरात घडलेल्या दोन घटनांच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे. मराठी वाचकाला हे शहर परके नाही. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. या घटनांतील पीडित व्यक्तींची नावे वृत्तपत्रांतून गाजली आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगून ती येथे मुद्दामच दिलेली नाहीत.

नल्लाकुंटा, १९७८

मार्च १९७८ च्या अखेरीस एक तरुण मुसलमान स्त्री आपल्या पतीसह रात्री चित्रपट पाहून परतत होती. पती रिक्षा चालवून पोट भरणारा होता. वाटेत पोलिसांनी तिला पकडून नल्लाकुंटा ठाण्यात नेले. तेथे पोलिसांनीच तिच्यावर बलात्कार केला, आणि तिला सोडविण्यासाठी आलेल्या पतीला झालेल्या मारहाणीत त्याचा मृत्यू ओढवला, असा आरोप पुढे आला. त्याचे शव घेऊन हजारो लोक ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, माणसे मेली, संचारबंदी लागली. स्त्रीला बोलावून आणणे आणि तिच्या पतीचा मृत्यू, ही जोडी वाचकाने आठवावी.

राज्य सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मुक्तदर यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे पोलिसांच्या बाजूने मुख्य भर कशावर होता? ती स्त्री वेश्या आहे आणि तिचा विवाह खरा नाही, हे सिद्ध करण्यावर. घटना नाकारण्यापेक्षा साक्षीदाराची लायकीच नाकारण्याचा तो प्रयत्न होता. न्या. मुक्तदर यांनी तो मानला नाही. त्यांनी पोलिसांना दोषी धरून त्यांच्यावर खटले भरावेत अशी शिफारस केली.

पुढे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. खटला राज्याबाहेर, कर्नाटकातील रायचूर येथे वर्ग झाला. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमानुसार आयोगापुढे केलेले निवेदन पुढील फौजदारी खटल्यात त्या व्यक्तीविरुद्ध वापरता येत नाही, आणि आयोगाचा निष्कर्ष न्यायालयावर बंधनकारक नसतो. साराच पुरावा नव्याने उभा करावा लागतो. १९८१ साली रायचूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. एका न्यायमूर्तीने सत्य मानलेली गोष्ट अशा रीतीने कागदावरच राहिली.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘मथुरा प्रकरण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात दोन पोलिसांना दोषमुक्त केले. चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली) देसाईगंज ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा तो खटला होता. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून तिची संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार या चार कायदेपंडितांनी १९७९ साली खुले पत्र लिहून त्यास आक्षेप घेतला. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवरील बलात्कार हा वेगळा व गंभीर अपराध ठरला, आणि अशा खटल्यात तिने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा नियम झाला. दुर्बलाच्या शब्दाला कायद्याने दिलेले ते वजन होते.

शमशाबाद आणि चटानपल्ली, २०१९

२७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री हैदराबादजवळ शमशाबाद येथे एक तरुण पशुवैद्य स्त्री बेपत्ता झाली. तिच्या घरची माणसे पोलिसांकडे गेली तेव्हा हे ठाणे की ते ठाणे, हद्द कोणाची, यातच मोलाचा वेळ गेला. तिच्यावर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली होती. तक्रार नोंदविण्यात विलंब केल्याबद्दल तीन पोलीस कर्मचारी निलंबित झाले. चार संशयितांना अटक झाली आणि ६ डिसेंबरच्या पहाटे चटानपल्ली येथे, घटनास्थळाच्या तपासासाठी नेले असता, पोलिसांच्या गोळीबारात चौघेही मारले गेले. त्यांनी शस्त्रे हिसकावून हल्ला केला, असे पोलिसांनी सांगितले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आपल्यापैकी कित्येकांच्या मनालाही त्या दिवशी समाधान वाटले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर रोजी माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक डी. आर. कार्तिकेयन हे त्याचे सदस्य होते. सहा महिन्यांची मुदत होती. अहवाल जानेवारी २०२२ मध्ये सादर झाला व मे महिन्यात तो खुला करण्यात आला. पोलिसांनी सांगितलेली हकीकत आयोगाला विश्वसनीय वाटली नाही. मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, आणि मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे त्या वेळी अठरा वर्षांखालील होते, असे त्याचे निष्कर्ष होते. अहवाल पुढील कार्यवाहीसाठी तेलंगण उच्च न्यायालयाकडे पाठविण्यात आला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. आयोगापुढील प्रश्न चौघांच्या मृत्यूचा होता. त्या स्त्रीच्या घरच्या माणसांना पहिल्या रात्री ताटकळावे का लागले, या प्रश्नासाठी असा स्वतंत्र आयोग बसला नाही. तेथे खात्याने केलेले निलंबन हेच उत्तर ठरले. फुले उधळली गेली तेव्हा तर तो प्रश्न जवळजवळ विसरलाच गेला. अन्यायाने झालेल्या चार मृत्यूंनी आधीच्या कर्तव्यच्युतीवर पांघरूण घातले.

दुर्बल कोण?

या घटना एकत्र ठेवल्या म्हणजे ‘दुर्बल’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. ठाण्यात आणलेली स्त्री दुर्बल होती; रात्री तक्रार घेऊन आलेले सुशिक्षित कुटुंबही त्या घटकेला दुर्बल होते; आणि ज्यांच्याविषयी कोणालाच कणव नव्हती ते ताब्यातील चार तरुणही दुर्बल होते. त्यांची नीतिमत्ता सारखी नव्हती, स्थिती मात्र सारखी होती. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास कोणी बांधलेला नाही, तो दुर्बल. स्वतंत्र देखरेखीचे प्रयोजन एवढेच की, अशा मनुष्याचा शब्द आणि गणवेशधारी मनुष्याचा शब्द एकाच तराजूत तोलला जावा.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील घरकाम करणाऱ्या एका बहिणीबरोबर मला पोलीस ठाण्यात जावे लागले. ती आदल्या दिवशी एकटी जाऊन आली होती. दोन तास बाकावर बसवून तिला घरगुती भांडण म्हणून परत पाठविण्यात आले होते. माझ्या गळ्यातील पांढरी पट्टी पाहताच अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, चहा मागविला आणि अर्ध्या तासात तक्रार लिहून घेतली. परतताना तिने मला विचारले, “पास्टरसाहेब, काल मी हेच सांगितलं होतं ना?” मला उत्तर सुचले नाही. तिच्या तक्रारीची नोंद कायद्यामुळे झाली नव्हती, माझ्या पट्टीमुळे झाली होती.

खात्यातील चौकशी अपुरी का पडते?

पोलीस स्वतःच स्वतःची चौकशी प्रामाणिकपणे करू शकत नाहीत काय, असा प्रश्न काही सज्जन विचारतात. प्रामाणिक अधिकारी आहेत, याविषयी शंका नाही. हैदराबादेत २०१४ पासून ‘शी टीम्स’ आणि त्यानंतर ‘भरोसा’ केंद्र हे खात्याचेच उपक्रम आहेत आणि त्यांनी अनेक स्त्रियांना आधार दिला आहे. तथापि सेवा आणि देखरेख या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात (२८:११-१५) एक सरकारी निवेदन तयार होताना आपणांस दिसते. कबरीवरचे पहारेकरी घडलेली हकीकत मुख्य याजकांना सांगतात. त्यांना पैसे देऊन दुसरी हकीकत पढविली जाते, आणि गोष्ट सुभेदाराच्या कानी गेलीच तर त्याची समजूत घालून तुम्हांला सांभाळून घेऊ, असे आश्वासन मिळते. पहाऱ्यावरील शिपाई, त्याला वाचविणारे वरिष्ठ आणि दोघांना सोयीची हकीकत, ही साखळी एकदा जुळली म्हणजे आतून ती तुटत नाही. शिपाई वाईट असतो म्हणून हे घडते असे नव्हे. प्रत्येकाची नोकरी दुसऱ्याच्या मौनावर अवलंबून असते म्हणून घडते. पापाविषयीची आपली शिकवण केवळ व्यक्तीच्या अंतःकरणापुरती नाही. संस्थांनाही आपले पाप झाकण्याची सवय जडते.

पवित्र शास्त्राची साक्ष

सत्तेच्या अधीन राहावे या शिकवणीसाठी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेतला जातो. परंतु पौल तेथे अधिकाऱ्याला देवाचा ‘डायाकोनोस’, म्हणजे सेवक, म्हणतो आणि त्याच्या हातातील तलवारीचे प्रयोजनही सांगतो : लोकांचे हित. सेवकाला हिशेब द्यावाच लागतो. जो कोणालाही उत्तरदायी नाही तो सेवक राहत नाही, धनी होतो. यहेज्केल चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांवर ठेवलेला आरोपही हाच आहे. कळपाला चारण्यासाठी नेमलेले लोक स्वतःलाच चारीत बसले, म्हणून परमेश्वर स्वतः त्यांच्याकडून कळपाचा जाब मागतो.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायातील एक विधी या संदर्भात विशेष मननीय आहे. रानात प्रेत आढळले आणि मारणारा अज्ञात असला, तर वडीलमंडळींनी व न्यायाधीशांनी प्रेतापासून भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी पुढे येऊन त्या रक्ताविषयी देवासमोर उत्तर द्यावे. तेथेही हद्द मोजली जाते. मात्र जबाबदारी टाळण्यासाठी नव्हे, ती कोणाची हे ठरविण्यासाठी. शमशाबादच्या रात्री हद्द मोजली गेली ती नेमकी उलट्या हेतूने.

मात्र नाथानाच्या कथेची मर्यादाही ओळखली पाहिजे. नाथान यशस्वी झाला, कारण दावीदाची सदसद्विवेकबुद्धी अजून जिवंत होती. अहाबापुढे नाबोथाचा प्रश्न मांडणाऱ्या एलीयाला वेगळा अनुभव आला. राजा क्षणभर नमला, व्यवस्था तशीच राहिली. म्हणून धाडसी संदेष्ट्याची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. सुधारकालीन ईश्वरविज्ञानी जॉन कॅल्विन याने हे ओळखले होते. खासगी व्यक्तीने बंड करू नये असे बजावीत असतानाच, राजांच्या स्वैरपणाला आवर घालण्यासाठी लोकांच्या वतीने नेमलेले अधिकारी असतील, तर त्यांनी गप्प बसणे हा विश्वासघात होय, असे त्याने आपल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाच्या अखेरीस प्रतिपादिले. नाथानाचे काम पद म्हणून, नियमाने, रोज करणारी संस्था हवी, असा याचा आजचा अर्थ होतो.

स्वतंत्र देखरेख म्हणजे काय?

हा विचार आपल्या देशात नवा नाही. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ साली, आपल्या पहिल्याच अहवालात, कोठडीतील बलात्कार, कोठडीतील मृत्यू किंवा गंभीर दुखापत आणि गोळीबारात दोन वा अधिक मृत्यू झाल्यास न्यायिक चौकशी सक्तीची असावी, असे सुचविले. कोठडीतील मृत्यू व बलात्कारापुरती अशी तरतूद २००५ साली संमत झालेल्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. १९९३ च्या अधिनियमाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, पण त्याला केवळ शिफारशीचा अधिकार आहे आणि घटनेला एक वर्ष उलटल्यावर त्याला चौकशी करता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हणजे प्रकाशसिंह खटल्यातील २२ सप्टेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. याचिका करणारे प्रकाशसिंह स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक होते, हे ध्यानात घ्यावे. देखरेखीची मागणी पोलिसांचा शत्रूच करतो असे नाही. प्रत्येक राज्यात व जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, त्याचे प्रमुख निवृत्त न्यायाधीश असावेत, त्यांची निवड मुख्य न्यायमूर्तींनी सुचविलेल्या नावांतून व्हावी, आणि खातेनिहाय वा फौजदारी कारवाईची त्यांची शिफारस बंधनकारक असावी, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून अशा प्राधिकरणाची तरतूद केली. परंतु अनेक राज्यांत हे काम रेंगाळले, आणि सामान्य माणसाला अशी संस्था असते हेच ठाऊक नाही.

देखरेख खरोखर स्वतंत्र आहे की नाही, हे चार कसोट्यांवर पारखावे. पहिली, नेमणूक : ज्यांची तपासणी करावयाची त्यांच्या मर्जीवर ती अवलंबून नसावी. दुसरी, तपास : संस्थेची स्वतःची तपास करणारी माणसे असावीत, ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याचा अहवाल मागवून निर्णय देणे म्हणजे यवाबालाच उरीयाच्या मृत्यूचे कारण विचारणे होय. तिसरी, तक्रारदाराचे स्थान : त्याला ऐकून घ्यावे, प्रगती कळवावी, निर्णयाची प्रत द्यावी. चौथी, परिणाम : अहवाल प्रसिद्ध व्हावा आणि तो न मानणाऱ्याला लेखी कारणे द्यावी लागावीत. मुक्तदर व सिरपूरकर हे आयोग पहिल्या तीन कसोट्यांना बव्हंशी उतरले. ही शेवटची कडी मात्र त्यांच्या हाती नव्हती.

शिवाय तक्रारीची वाट न पाहता पाहणी करणे हेही देखरेखीचे अंग आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १८५६ पासून पोलीस दलांची पाहणी करणारे निरीक्षक आहेत. दुर्बल व्यक्तींचे रक्षण पोलीस कसे करतात, हा त्यांच्या आजच्या पाहणीचा एक भाग असून अहवाल जनतेसाठी प्रसिद्ध होतात. रात्री दहा वाजता आलेल्या आईला कोणते उत्तर मिळते, हे तपासणारा कोणी असेल, तर कदाचित आयोग नेमण्याची वेळच येणार नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सर्व ठाण्यांत चित्रण यंत्रे बसवून त्यांवर राज्य व जिल्हा पातळीवर समित्या नेमण्याचा आदेश दिला, तो याच दिशेचा आहे.

या साऱ्यात प्रामाणिक शिपायाचेही हित आहे. सलग पहारे, तुटपुंजी विश्रांती आणि वरून येणारा दबाव यांनी तोही गांजलेला असतो. बेकायदा हुकूम नाकारताना ‘उद्या मला बाहेर जाब द्यावा लागेल’ हे वाक्य त्याच्यापाशी असले पाहिजे.

मंडळीचे कर्तव्य

प्रभू येशूने सांगितलेल्या विधवेच्या दाखल्यात (लूक १८) तिच्यापाशी पुन्हा पुन्हा येण्याखेरीज दुसरे बळ नव्हते. तिला एकटीलाच खेटे घालावे लागू नयेत, एवढे तरी मंडळीने पाहावे. तक्रार घेऊन जाणाऱ्याबरोबर कोणीतरी जावे. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, आणि लैंगिक अत्याचाराची खबर नोंदविण्यास नकार देणे हा २०१३ पासून शिक्षापात्र अपराध आहे. ही माहिती आपल्या भगिनी मंडळांतून व तरुण संघांतून दिली गेली पाहिजे. आणि ज्या आरोपीविषयी सर्वांना घृणा वाटते, त्याच्याही कायदेशीर रक्षणाविषयी बोलण्याचे धैर्य व्यासपीठाने दाखविले पाहिजे.

परंतु मत्तयाच्या त्या वृत्तांतातील एक गोष्ट आपण विसरू नये. खोटी हकीकत शिपायांनी रचली नाही. ती याजकांनी रचली. आपली वसतिगृहे, शाळा, अनाथाश्रम येथेही दुर्बल राहतात, आणि ‘संस्थेचे नाव’ राखण्यासाठी त्यांचे शब्द दाबले गेल्याची उदाहरणे जगभरच्या मंडळ्यांत घडली आहेत. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार समितीवर बाहेरचा सदस्य आवश्यक केला आहे. या तरतुदी आपल्या संस्थांत प्रत्यक्षात आहेत काय? ज्याला आपल्या घरात नाथान नको आहे, त्याला दुसऱ्याच्या ठाण्यात तो मागण्याचा अधिकार पोचत नाही.

त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप द्यावयाचे आहे. होय, बाई, आदल्या दिवशी तू हेच सांगितले होतेस. ज्या दिवशी तुझा एकटीचा शब्द त्या टेबलापाशी पुरेसा ठरेल, आणि तो पुरेसा ठरला की नाही हे पाहणारा कोणी तेथे असेल, त्या दिवशी तुझ्याबरोबर येण्याची मला गरज उरणार नाही. तोपर्यंत तुझ्याबरोबर येणे आणि तो दिवस मागत राहणे, दोन्ही माझ्या सेवेचे भाग आहेत.